देवाचा मुक्काम

नव्या दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ साली बांधलेले एक लहानसे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. खान मार्केटच्या बाजूस ज्यांचे जाणे-येणे आहे, अशा मराठी मंडळींनी ते बाहेरून पाहिले असेल. आत जाण्याचा प्रसंग थोड्यांनाच आला असेल. आम्हांस तो आमच्या कचेरीतील एका बेने इस्रायली स्नेह्यामुळे आला. गृहस्थ मूळचे अलिबागकडचे, बोलणे अस्सल कुलाबी मराठी. एका शुक्रवारी सायंकाळी त्यांच्यासमवेत आम्ही तेथे गेलो. मूर्ती नाही, तसबीर नाही, गाभारा नाही. भिंतीतील पडद्याआडच्या कपाटात धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या. प्रार्थना आटोपून बाहेर पडल्यावर आम्ही भाबडेपणाने विचारले, "मग तुमचा देव राहतो कोठे?" ते हसून म्हणाले, "अहो, हाच प्रश्न विचारीत आमच्या लोकांची तीन हजार वर्षे गेली. बायबल वाचा, दुसरे काही नाही त्यात."

त्या सुमारास आमच्या स्वतःच्या मनातही जवळपास तोच प्रश्न घोळत होता. गावाकडील घराची वाटणी होऊन ते विकावयाचे ठरले होते, आणि देव्हाऱ्यातील टाकांचे काय करावयाचे, असे वडीलबंधूंचे पत्र आले होते. चार पिढ्या एका कोनाड्यात बसलेले देव! ते बदलीच्या माणसाच्या घरी आणावे काय, आणि आणले तर ते तेच देव राहतील काय? कुटुंबात यावर बरीच चर्चा झाली. पण पत्राचे उत्तर काही लिहून होईना. अशा मनःस्थितीत आम्ही बायबल हाती घेतले आणि स्नेह्यांचे वाक्य कितपत खरे, ते ताडून पाहण्याच्या उद्देशाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्या वाचनातून व त्या अनुषंगाने पाहिलेल्या इतिहासग्रंथांतून जे हाती लागले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक अडचण सांगितली पाहिजे. 'बायबल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला तो अनेकवचनी आहे; त्याचा अर्थ 'ग्रंथ' नव्हे, 'पुस्तके'. यहुदी गणनेप्रमाणे ही पुस्तके २४. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती त्याच मजकुराची ३९ पुस्तके करतात आणि त्यांस नव्या कराराची २७ जोडून ६६ धरतात. कॅथॉलिक पंथाची संख्या ७३ होते. यांत कायदे आहेत, वंशावळ्या आहेत, प्रेमगीते आहेत, सुभाषिते आहेत, राजांच्या बखरी आहेत, खाजगी पत्रे आहेत. हिब्रू, अरामी आणि ग्रीक अशा तीन भाषांतून ती सुमारे हजार वर्षांच्या अवधीत लिहिली गेली. दीर्घकाल ती सुट्या गुंडाळ्यांच्या रूपाने वावरत होती. ख्रिस्ती बायबलच्या जवळजवळ संपूर्ण अशा ज्या जुन्यात जुन्या प्रती आज उपलब्ध आहेत, त्या इ.स.च्या ४थ्या शतकातील आहेत. अशा या गाठोड्यास एक कथा म्हणावयाचे ते कोणत्या आधारावर? एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात तर देवाचे नावसुद्धा येत नाही.

तथापि वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात येते. देव कोठे आहे, तो जवळ आहे की निघून गेला, आणि गेला असल्यास परत येईल काय, हा प्रश्न या पुस्तकांच्या पाठीमागे सतत उभा आहे. 'उत्पत्ति' या पहिल्या पुस्तकात देव बागेत सायंकाळच्या वाऱ्यात फिरावयास येतो. त्याची चाहूल लागताच अपराधी मनुष्य झाडाआड लपतो. नंतर त्याला बागेबाहेर घालविण्यात येते आणि पूर्वेच्या बाजूस करूबांचा पहारा बसतो. मनुष्याचा आणि देवाचा सहवास येथे तुटला, आणि पुढील सर्व पुस्तके या तुटलेल्या सहवासाच्या पाठपुराव्याची आहेत. याकोब घरातून पळून जात असताना उघड्या रानात, उशाला धोंडा घेऊन झोपतो, आणि त्यास स्वप्नात स्वर्गापर्यंत गेलेला जिना दिसतो. जागा झाल्यावर त्यास कळते की, देव येथेच होता आणि आपणांस त्याचा पत्ता नव्हता. त्या ठिकाणास तो बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही अशा परागंदा माणसास देवाचे घर प्रथम सापडावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यानंतर येतो मोशेचा तंबू. 'निर्गम' या पुस्तकाचे ४० अध्याय आहेत. त्यांपैकी १३ अध्याय केवळ एका तंबूच्या वर्णनात खर्च झाले आहेत. विश्वाची उत्पत्ती दोन अध्यायांत आटोपते आणि तंबूच्या कड्या, खुंट्या, पडदे व दांडे यांस तेरा लागतात! बहुतेक वाचक येथे पुस्तक मिटतात. आम्ही पडलो कारकून. सार्वजनिक बांधकाम खात्याची अंदाजपत्रके वाचण्याची आम्हांस सवय आहे, म्हणून आम्ही नेटाने पुढे गेलो. त्या मोजमापांत एक कलम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटले. आज्ञांच्या पाट्या ज्या पेटीत ठेवावयाच्या, तो बाभळीच्या लाकडाचा, सोन्याने मढविलेला कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच असावा. त्याच्या कड्यांतून वाहून नेण्याचे दांडे घालावे. आणि हे दांडे कड्यांतून कधीही काढू नयेत. मुक्काम कितीही लांबला तरी दांडे जागेवरच राहावयाचे. ढग तंबूवरून उठला की, निघावयाचे. ढग थांबला की, थांबावयाचे. हिब्रूत या तंबूस 'मिश्कान' म्हणतात. 'राहणे', 'मुक्काम करणे' या अर्थाच्या धातूपासून तो शब्द झाला आहे. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी 'निवासमंडप' हा शब्द योजला. मंडप म्हटले की, आज घातलेला आणि उद्या उतरावयाचा, हे मराठी माणसास निराळे सांगावे लागत नाही.

तंबूचे हे वर्णन मध्येच एका भयंकर प्रसंगाने खंडित झाले आहे. मोशे पर्वतावर असताना लोक सोन्याचे वासरू करून त्याची पूजा मांडतात. देव क्रुद्ध होतो आणि सांगतो की, कबूल केलेला देश तुम्हांस मिळेल, वाटेत रक्षणार्थ दूतही देईन, परंतु मी स्वतः तुमच्यामधून चालणार नाही. व्यवहारी माणसाने हा सौदा तत्काळ पत्करला असता. मोशे तो पत्करीत नाही. तू बरोबर येणार नसशील तर आम्हांस येथून हलवूच नकोस, असा त्याचा हट्ट आहे. देशापेक्षा सोबत मोठी, हा निवाडा येथे प्रथम होतो. आणि पुढे जेव्हा देश खरोखरच गेला, तेव्हा या निवाड्याचाच आधार त्या लोकांस उरला.

कनानात स्थिर झाल्यावर लोकांस राजा हवासा झाला आणि राजास मंदिर बांधावेसे वाटले. दावीद राजा सुगंधी लाकडाच्या वाड्यात राहू लागला आणि देवाचा कोश कापडाखाली आहे, याची त्यास लाज वाटली. परंतु नाथान संदेष्ट्याने आणलेला निरोप अनपेक्षित होता. मी आजवर तंबूतून हिंडत आलो, मला घर बांधा असे मी कोणास कधी म्हटले काय, असा तो उलट प्रश्न होता. अखेर दाविदाच्या मुलाने, शलमोनाने, इ.स.पू. १०व्या शतकात मंदिर बांधले. लांबी ६० हात, रुंदी २० हात, उंची ३० हात. काम सात वर्षे चालले. आतील परमपवित्रस्थान लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी २० हातांचे, म्हणजे नेमके घनाकृती होते. या मापाशी आपणांस शेवटी परत यावयाचे आहे.

मंदिराच्या उद्घाटनाचे वर्णन करणारा लेखक दोन गोष्टी नमूद करतो. एक अशी की, आकाशांच्या आकाशातही जो मावत नाही तो या घरात कसा मावेल, असे खुद्द शलमोनच प्रार्थनेत विचारतो. दुसरी अशी की, कोश आत नेऊन ठेवला तरी त्याचे दांडे इतके लांब होते की, त्यांची टोके पवित्रस्थानातून दिसत असत. सोन्याने मढविलेल्या दगडी मंदिरात दांडे तसेच राहिले होते. हा देव येथून उठून जाऊ शकतो, याची ती मूक खूण होती. पण ती पाहण्याची कोणास इच्छा नव्हती.

कारण लोकांची समजूत हळूहळू निराळी होत गेली. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरी सम्राट सन्हेरीब याने यहूदा प्रांत उद्ध्वस्त केला, पण यरुशलेम त्याच्या हाती पडले नाही. त्याच्या स्वतःच्या विजयलेखातही शहर घेतल्याचा दावा नाही. देवाचे घर येथे आहे, सबब हे शहर पडणे अशक्य, अशी खात्री त्यामुळे लोकांस वाटू लागली. सुमारे इ.स.पू. ६०९ मध्ये यिर्मया हा संदेष्टा मंदिराच्या दाराशी उभा राहिला आणि त्याने लोकांस बजावले की, गरिबास नाडावयाचे, खोट्या शपथा वाहावयाच्या आणि वर मंदिराच्या नावाचा जप करावयाचा, हे चालणार नाही. शिलो येथे जाऊन पाहा, तेथेही एके काळी देवाचे ठिकाण होते. शिलोच्या उत्खननात इ.स.पू. ११व्या शतकातील जळिताचे थर आढळले आहेत, तेव्हा दाखला पोकळ नव्हता. या भाषणाबद्दल यिर्मयास देहान्ताची शिक्षा होण्याची वेळ आली. तो थोडक्यात बचावला.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतले आणि तरुण राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर व पुरोहित यांस कैद करून नेले. शहर पुन्हा बंड करून उठले, तेव्हा इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर जाळून टाकण्यात आले आणि कोशाचा मागमूसही उरला नाही. आमच्या मते बायबलच्या कथेचा मर्मबिंदू येथे आहे. प्राचीन काळी देव हा भूमीचा असे. देश जिंकला म्हणजे देवही जिंकला, अशी सर्वमान्य रीत होती. हरलेल्या लोकांनी जेत्यांच्या देवास नमस्कार करावा आणि दोन-तीन पिढ्यांत नाहीसे व्हावे, असेच चालत आले होते. यहुद्यांनी तसे का केले नाही?

या वनवासाविषयी आज आपणांस केवळ बायबलच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. बाबेलच्या जर्मन उत्खननात कोठाराच्या हिशेबाच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतील काही १९३९ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणी सरकारी कोठीवाला रोजचा खर्च टिपून ठेवतो, आणि धर्मग्रंथातील एक राजा इतिहासात पक्का होतो! कारकुनी हा पेशा क्षुद्र मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढे २०१४ साली आणखी सुमारे शंभर पाट्या प्रसिद्ध झाल्या. बाबेलच्या मुलखात 'यहुद्यांचे गाव' या अर्थाच्या नावाची वसाहत होती, तेथील व आसपासच्या गावांचे खंड, कर्ज, जव आणि खजूर यांचे ते व्यवहार आहेत; आणि पक्षकारांच्या नावांत इस्रायलच्या देवाचे नाव गुंफलेले आहे.

या लोकांस यिर्मयाने यरुशलेमहून एक पत्र पाठविले होते. त्याचा आशय असा : तेथे घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा, आणि ज्या शहरी तुम्हांस नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसास या पत्राची योग्यता वेगळी पटवून द्यावयास नको. परंतु घरे बांधली, बागा लावल्या, तरी देवाचे काय, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर वनवासी लोकांतीलच एका पुरोहितास, यहेज्केलास, मिळाले.

इ.स.पू. ५९३ च्या सुमारास खबार नदीच्या काठी यहेज्केलास दर्शन झाले. खबार हा निप्पूर शहराकडील एक कालवा असून त्याचे नाव बाबिलोनी लेखांतही येते. दर्शनात त्याला देवाचे सिंहासन दिसले, आणि त्या सिंहासनास चाके होती. चाकांमध्ये चाके, चारही दिशांस जाणारी. ज्या देवाचे आसन यरुशलेमच्या गाभाऱ्यात स्थिर आहे असे पुरोहित शिकत आले, तो बाबेलच्या कालव्यावर दिसावा, ही गोष्ट त्या काळी धक्कादायक होती. पुढील दर्शनात त्याने देवाचे तेज मंदिर सोडून जाताना पाहिले. ते एकदम गेले नाही. प्रथम उंबरठ्यापर्यंत आले, मग पूर्व दरवाजाशी थांबले, मग शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर उभे राहिले. घर सोडताना मनुष्य जसा पायरीपायरीवर थांबून मागे पाहतो, तसे ते जाणे आहे. मंदिर त्यानंतर सहा वर्षांनी जळाले. म्हणजे यहेज्केलाच्या दृष्टीने बाबिलोन्यांनी जाळली ती रिकामी वास्तू. आणि त्याच दर्शनात त्याला असेही कळले की, दूर देशी विखुरलेल्यांसाठी देव स्वतःच काही काळ त्यांचे पवित्रस्थान झाला आहे. दांड्यांचा अर्थ आता उलगडला.

येथे आधुनिक संशोधनाचे एक मत सांगणे आवश्यक आहे. १८७८ साली जर्मन पंडित वेलहाउझेन याने असे प्रतिपादन केले की, मोशेच्या तंबूचे ते सविस्तर वर्णन वाळवंटात लिहिलेले नसून वनवासानंतरच्या पुरोहितांनी मंदिराचे रूप मागील काळावर आरोपित केले आहे. त्याच्या मताचे तपशील पुढील पंडितांनी पुष्कळ बदलले. परंतु बायबलच्या पहिल्या पुस्तकांस अखेरचा आकार वनवासात व त्यानंतर आला, हे सामान्यतः मान्य झाले आहे. त्या पुस्तकांत एकच मत आहे असेही नाही. एका परंपरेप्रमाणे देवाचे तेज तंबूत भरून राहते. 'अनुवाद' या पुस्तकाची परंपरा जपून बोलते व मंदिरात देवाचे केवळ नाव राहते, असे मानते. तेव्हा जी एकसूत्रता आम्हांस जाणवली ती कोणा एका लेखकाने आरंभीच योजिलेली नव्हे. घर जळालेल्या लोकांनी मागे वळून जुन्या कथा एकत्र केल्या, आणि त्यांस हवे होते ते सूत्र त्यांत त्यांना सापडले. श्रद्धावान म्हणेल की, ते मुळातच तेथे होते. इतिहासाच्या अभ्यासकास इतकेच सांगता येईल की, ते दिसावयास वनवास घडावा लागला.

याच्या उलट उदाहरणही इतिहासाने जपून ठेवले आहे. ईजिप्तच्या दक्षिण सीमेवर, नाईल नदीतील एलिफंटिनी बेटावर, इराणी सम्राटांच्या चाकरीत यहुदी शिपायांची छावणी होती. त्यांनी परमुलखात आपल्या देवाचे मंदिरच बांधले. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ईजिप्शियन पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकाऱ्याच्या साह्याने ते पाडले. तीन वर्षांनी, इ.स.पू. ४०७ मध्ये, या मंडळींनी यहूदाच्या सुभेदारास पाठविलेला अर्ज आजही उपलब्ध आहे. मंदिर किती जुने होते, दारे-खांब कसे होते, पाडल्यापासून आपण कसे उपास करीत आहोत, हे सर्व त्यात रीतसर मांडले आहे. त्यांच्या कागदपत्रांत करारमदार आहेत, विवाहपत्रे आहेत, एक नीतिकथाही आहे. परंतु बायबलमधील एकही पुस्तक तेथे मिळालेले नाही. पुढे ही वसाहत इतिहासातून लुप्त झाली. बाबेलच्या वसाहतीने आपला ग्रंथ जपला, आणि ती टिकली. एवढ्या एका कारणाने सर्व उलगडा होतो असे आमचे म्हणणे नाही. पण फरक नजरेत भरतो.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल घेतले आणि वनवास्यांस परत जाण्याची मुभा मिळाली. बाबेलमध्ये १८७९ साली सापडलेल्या कोरेशाच्या मृत्तिकालेखात देवळांचा जीर्णोद्धार करण्याचे व विस्थापितांस परत पाठविण्याचे धोरण दिसते. यहुद्यांचा त्यात नामोल्लेख नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसरे मंदिर इ.स.पू. ५१६ च्या सुमारास पुरे झाले. त्याचा पाया घालताना तरुणांनी जयघोष केला आणि पहिले मंदिर ज्यांनी पाहिले होते ते म्हातारे मोठ्याने रडले, असे 'एज्रा' हे पुस्तक सांगते. तंबू उभा राहिला तेव्हा देवाच्या तेजाने तो भरून गेला. शलमोनाच्या मंदिराबाबतही तेच लिहिले आहे. या दुसऱ्या मंदिराबाबत तसे एक वाक्यही बायबलमध्ये नाही. बखरकार येथे गप्प आहे, आणि त्याचे गप्प राहणे प्रामाणिक आहे. आतील खोलीत कोश नव्हताच. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी कुतूहलाने परमपवित्रस्थानात शिरला, आणि आत कोणत्याही देवाची मूर्ती नाही असे त्यास आढळले. रोमन इतिहासकार टॅसिटस याने या रिकाम्या गाभाऱ्याची नोंद केली आहे.

ख्रिस्ती कथा या रिकाम्या खोलीच्या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचा रोख समजतो. मत्तयाचे शुभवर्तमान येशूस आरंभी 'इम्मानुएल', म्हणजे 'देव आमच्यासमवेत', हे नाव लावते आणि सोबतीच्याच वचनाने संपते. योहान आपल्या प्रस्तावनेत जे ग्रीक क्रियापद वापरतो, त्याचा मूळ अर्थ तंबू ठोकणे असा आहे. मोशेच्या मंडपाची आठवण त्यात सरळ आहे. मराठी बायबलात त्या ठिकाणी 'वस्ती' हा शब्द येतो. मराठीचा पहिला छापील नवा करार १८११ साली, तोही बंगालमधील श्रीरामपूर येथे, विल्यम कॅरी याने प्रसिद्ध केला. तेव्हापासून अनेक भाषांतरे झाली. कोणाच्या लेखणीतून तो शब्द आला असेल तो असो, पण 'वस्ती' हा शब्द समर्पक आहे. कायमच्या घरांच्या समूहास आपण वस्ती म्हणतो आणि वाटेतल्या एका रात्रीच्या मुक्कामासही वस्तीच म्हणतो. दोन्ही अर्थ योहानास हवे होते.

पौलाने करिंथकरांस सुमारे इ.स. ५४ मध्ये लिहिलेल्या पत्रात तुम्हीच देवाचे मंदिर आहात, असे त्यांस सांगितले, आणि तेथील 'तुम्ही' अनेकवचनी आहे. म्हणजे एकेकटा साधक नव्हे, तर जमलेली मंडळी. यरुशलेमचे मंदिर त्या वेळी उभे होते. इ.स. ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने ते जाळले. तेथील सात फाट्यांची समई विजययात्रेत नेली जात असल्याचे शिल्प रोममध्ये टायटसच्या कमानीवर आजही आहे. या एका आगीतून दोन धर्म निराळ्या वाटांनी निघाले. ख्रिस्त्यांनी म्हटले की, मंदिराचे कार्य येशूच्या ठायी पुरे झाले. यहुदी शास्त्र्यांनी यज्ञाच्या जागी प्रार्थना, अध्ययन व दानधर्म यांस बसविले. आणि 'मिश्कान' ज्या धातूपासून झाला त्याच धातूपासून त्यांनी 'शेखिना', म्हणजे देवाचे सान्निध्य, हा शब्द घडविला. इस्रायल जेथे जेथे वनवासास गेले तेथे तेथे शेखिनाही त्यांच्याबरोबर गेली, असे त्यांच्या तालमुदात सांगितले आहे.

म्हणूनच बायबलची एक कथा म्हणताना तिचे दोन शेवट आहेत, हे विसरता कामा नये. हिब्रू बायबलच्या रूढ छापील क्रमात शेवटचे पुस्तक 'इतिहास' हे आहे. त्याच्या अखेरीस कोरेशाचे फर्मान येते. तेच फर्मान 'एज्रा'च्या आरंभी पूर्ण दिलेले आहे. येथे मात्र, ज्याच्या संगती देव आहे त्याने वर जावे, अशा अर्थाच्या शब्दांपाशी मजकूर थांबतो. दार उघडे आहे, प्रवासी उंबरठ्यावर आहे, आणि ग्रंथ संपतो. ख्रिस्ती बायबल 'प्रकटीकरण' या पुस्तकाने संपते. त्यात मनुष्य वर जात नाही. नवे यरुशलेम शहर स्वर्गातून खाली उतरते. त्याची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच आहे. शलमोनाच्या गाभाऱ्याचा घनाकार येथे एका संपूर्ण नगराएवढा झालेला आहे. आणि त्या नगरात मंदिर नाही, कारण सर्व नगरच गाभारा आहे. पहिल्या पुस्तकातील जीवनाचे झाड तेथे पुन्हा दिसते, आणि वाटेवर करूबांचा पहारा नाही. एका शेवटात वाट पाहणे आहे, दुसऱ्यात भेट आहे. यांपैकी खरा कोणता, हा वाद आमच्या अधिकाराबाहेरचा. परंतु दोन्ही शेवट एकाच प्रश्नाचे आहेत, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

आमच्या स्नेह्यांचे पूर्वज या कथेची एक लहानशी शाखा होत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून ते कोकणात आले, अशी त्यांची परंपरा आहे. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधले गेले. तत्पूर्वी कित्येक पिढ्या त्यांच्यापाशी मंदिर नव्हते, पुरोहित नव्हता, आणि ज्या ग्रंथाने बाबेलच्या मंडळींस तारले तोही नव्हता. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवावयाचा, सुंता करावयाची, खाण्यातले काही निषेध पाळावयाचे आणि देव एक आहे हे सांगणारे हिब्रू प्रार्थनेचे मोजके शब्द म्हणावयाचे, एवढेच त्यांनी राखले. गावकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. तेव्हा ग्रंथ जपला म्हणून लोक टिकले, हे आमचे वरील अनुमानही येथे थोडे सैल करावे लागते. आठवड्यातला एक दिवस जपूनही लोक टिकतात.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही वडीलबंधूंस उत्तर लिहिले, की टाक आम्ही आणतो. दिवाळीच्या रजेत गावी जाऊन, जुन्या पैठणीच्या तुकड्यात गुंडाळून, पत्र्याच्या ट्रंकेतून ते दिल्लीस आणले. ते तेच देव आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. पण सकाळी हात जोडताना तो प्रश्न पूर्वीइतका टोचत नाही. क्वार्टरच्या भिंतीस देव्हारा पक्का ठोकून घ्यावा, असा प्रथम विचार होता. मग तो आम्ही सोडून दिला. येत्या दोन वर्षांत केव्हाही बदलीचा हुकूम येईल. देव्हारा तूर्त स्वयंपाकघरातील फळीवर नुसता टेकवून ठेवला आहे.